खिडकीतली भांडी

अशी कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही अकरा वर्षांचे आहात. तुमच्या हातात स्टीलचा डबा आहे. डब्यात जोंधळ्याच्या कण्या आहेत, सकाळी शिजवलेल्या, आता गार होऊन त्यांचा गोळा झालाय. समोर टेबलावर एक पांढरं यंत्र आहे. त्याला जाळ नाही, धूर नाही, तरी त्यात अन्न गरम होतं असं तुम्ही ऐकलंय. दार ओढलं की उघडतं. डबा आत बरोबर मावतो. मग तुम्ही काय कराल?

पौर्णिमाही तेच करत होती.

"थांब. डबा बाहेर काढ आधी," मी म्हणाले.

तिनं दचकून डबा छातीशी धरला. वेणीला शाळेची निळी रिबन, पायात मोठ्या माणसाच्या चपला.

"मी काही केलं नाही, बाई."

"केलं नाहीस म्हणूनच बरं आहे. इथं बस. कोणासाठी आणलंय?"

"आज्जासाठी. समोरच्या वॉर्डात, दाराजवळची खाट. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालंय."

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरात एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. तिथं शेगडी नव्हती, म्हणून नातेवाइकांच्या खोलीत कोणीतरी मायक्रोवेव्ह भेट दिला होता. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी चहाची स्टीलची किटली आत ठेवून बटण दाबलं. आत तडतड ठिणग्या उडाल्या आणि खोलीतल्या दोन बायका चपला टाकून पळाल्या. मी तेव्हा शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. ट्रस्टच्या लोकांनी विचारलं, रोज दहा ते दोन येऊन बसाल का? मी लगेच हो म्हणाले. घरी बसून करमत नव्हतं, आणि शिकवायला कोणी मिळालं तर मला हवंच असतं.

पौर्णिमा मला मिळाली तेव्हा मी तीन महिने ते काम करत होते.

"स्टील का चालत नाही?" तिनं विचारलं.

"या यंत्रातून लहरी निघतात. दिसत नाहीत, पण असतात. त्या अन्नातल्या पाण्याला हलवतात, पाणी हललं की तापतं, आणि अन्न गरम होतं. धातूतून त्या आरपार जात नाहीत. आपटून मागे फिरतात. म्हणजे डबा घट्ट बंद आणि कण्या आत गारच. वर ठिणग्या."

"पितळ?"

"तेही धातूच."

"आज्जाची वाटी पण स्टीलची आहे. पेला पण." ती जरा विचारात पडली. "मग श्रीखंडाचा डबा? तो प्लॅस्टिकचा आहे. शेजारच्या खाटेपाशी बसणाऱ्या काकूंकडं आहे."

"तो मऊ पडेल. प्लॅस्टिक तापलं की त्यातलं काहीबाही अन्नात उतरतं. ज्या डब्यावर मायक्रोवेव्हला चालतो असं स्पष्ट लिहिलंय तेवढाच वापरायचा. श्रीखंडाचा डबा श्रीखंडापुरता."

हलीमा मावशी फरशी पुसत होती. ती वॉर्डात आया होती आणि माझ्या बोलण्याला टोमणा मारल्याशिवाय तिचा दिवस जात नसे.

"भरला निमकर बाईंचा वर्ग," ती म्हणाली. "पोरी, पाटी-पेन्सिल आणलीस का? आज सुटका नाही तुझी."

पौर्णिमा हसली नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. वॉर्डात जेवणासाठी पांढऱ्या ताटल्या होत्या, त्यातली एक तिनं आणली. चिनी मातीसारखी दिसणारी, पण हलकी.

"ही चालेल?"

"तूच सांग. तपासू या." मी तिला पद्धत दाखवली. काचेच्या पेल्यात पाणी भरून यंत्रात ठेवायचं, शेजारी रिकामी ताटली. एक मिनिट. मग दोन्हींना हात लावून बघायचा. पाणी गरम आणि ताटली गार, तर ताटली चांगली. ताटलीच गरम झाली, तर ती लहरी स्वतः शोषतेय, अन्नासाठी नको.

तिनं बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "ताटली तापली."

"मग?"

"नको." ती चक्रावली होती. "पण दिसायला तर तसलीच आहे, बाई." तिनं खिडकीकडं बोट दाखवलं.

खिडकीच्या कट्ट्यावर माझी सात भांडी पालथी घालून ठेवलेली होती. पांढऱ्या चिनी मातीची, खोलगट, हातात बसतील एवढी. बाजारात दोन तास घालवून मी ती निवडली होती, प्रत्येक अशीच पाण्याशेजारी ठेवून तपासली होती, आणि ओळखायला बुडाशी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. आमचे, म्हणजे माझा आणि सिस्टर लोकांचे कप कपाटात असत. रोग्यांची भांडी वेगळी ठेवलेली बरी, असा विचार करून मी त्यांना ती खिडकी दिली होती.

"दिसायला सारखं, पण ती ताटली मेलामाइनची आहे. बघून कळत नाही, म्हणून तर तपासायचं."

"मावशींचा कप पण चिनी मातीचा आहे."

"त्याला हात लावायचा नाही हं," हलीमा मावशी म्हणाली. "माझ्या लग्नातला आहे तो."

"त्याच्या कडेला सोनेरी रेघ आहे, बघितलीस?" मी म्हणाले. "ती धातूची असते. तेवढ्यानंही ठिणगी उडते."

पौर्णिमानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "म्हणजे काच चालते. चिनी माती चालते, पण रेघेची नाही. चिनी मातीसारखी दिसणारी चालत नाही. प्लॅस्टिक चालत नाही, पण लिहिलेलं चालतं. बाई, हे लक्षात कसं ठेवायचं?"

"लक्षात ठेवू नकोस. तपास. आणि आज तपासायची गरज नाही, खिडकीतलं भांडं घे."

तिनं एक भांडं धुऊन घेतलं, कण्यांचा गोळा त्यात फोडून टाकला, थोडं पाणी शिंपडलं. एक मिनिटानं ढवळून पुन्हा एक मिनिट. कण्या वाफाळल्या. भांडं हाताला कोमट होतं. ती ते धरून जवळजवळ पळतच गेली.

पाच मिनिटांनी परत आली. भांडं भरलेलंच होतं.

"काय झालं?"

"ह्यात नको म्हणाले."

"मग कशात?"

"माझ्या वाटीत दे म्हणाले. पण वाटी तर ह्यात चालत नाही." तिनं भांडं टेबलावर ठेवलं. "बाई, त्यांनी परवापासून काही खाल्लं नाही. गार घशाखाली उतरत नाही म्हणतात. डॉक्टर म्हणालेत, उद्या दोन वाजता बघायला येईन, तोवर पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालायची."

 त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना तशी नळी होती. ते रात्रंदिवस कण्हत. तिनं ते दोन दिवस बघितलं होतं.

मला वाटलं, प्रश्न सोपा आहे. माझ्या मामी चिनी मातीच्या बशीला शिवत नसत. धातूचं भांडं राखेनं घासलं की शुद्ध होतं, मातीचं होत नाही, असं त्यांचं सोवळं होतं. म्हातारं माणूस, स्वतःची वाटी, स्वतःचा पेला, दुसऱ्या भांड्याला नकार. मी त्याचा अर्थ लगेच लावून टाकला.

"सोवळं असेल त्यांचं," मी म्हणाले.

"आमच्यात असलं काही नाही, बाई."

"मोठ्या माणसांचं असतं. मुलांना सगळं ठाऊक नसतं. असं कर, ह्या गरम कण्या त्यांच्या वाटीत ओत आणि दे. कशात तापवल्या ते सांगू नकोस."

"खोटं बोलायचं?"

"खोटं नाही. फक्त सांगायचं नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. तेव्हाच मला थांबायला हवं होतं. पण ती लहान होती आणि मी बाई होते, त्यामुळे ती गेली.

या वेळी मी दारापर्यंत तिच्या मागे गेले. आमच्या खोलीसमोरच वॉर्डाचं दार होतं आणि दाराशीच त्यांची खाट. सिद्राम हे त्यांचं नाव, पायथ्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. वाळकं, उंच शरीर, दाढी केलेली, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तिनं वाटी पुढं केली. त्यांनी वाटीला बोट लावलं. गरम आहे म्हटल्यावर चमचा उचलला. मग खाली ठेवला.

"कशात तापवलंस?"

पौर्णिमानं मान खाली घातली.

"खरं सांग, बाय."

"खिडकीतल्या भांड्यात, आज्जा."

त्यांनी वाटी सरकवली. रागावले नाहीत. "नगं," एवढंच म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती माझ्यावर रुसलेली नव्हती. गोंधळलेली होती. "मला कळतच नाही," ती म्हणाली. "यंत्राला त्यांची वाटी नको. त्यांना यंत्राची भांडी नकोत. दोघांना चालेल असं काहीच नाही का?"

 घरी जाताना तेच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मी दहाच्या आधी पोचले. पौर्णिमा दारातच बसली होती. तिची आई विड्यांच्या कारखान्यात जाण्याआधी आठ वाजता डबा ठेवून गेली होती.

"मला युक्ती सुचलीय," मी म्हणाले. "काचेच्या पातेल्यात पाणी उकळू. त्या पाण्यात कण्यांनी भरलेली त्यांची वाटी ठेवू. वाटी यंत्रात जायलाच नको."

आम्ही तसं केलं. पाणी उकळलं, बाहेर काढलं, वाटी आत ठेवली. वाट बघितली. पुन्हा पाणी बदललं. पौर्णिमानं चमच्यानं ढवळून बघितलं. कडेच्या कण्या कोमट झाल्या होत्या, मधला गोळा तसाच होता. तरी तिनं वाटी नेली. दोन चमचे त्यांनी कसेबसे तोंडात घेतले आणि तिसऱ्याला ओकारी आली.

एक वाजला. वॉर्डात सिस्टर ट्रेमध्ये नळी, चिकटपट्टी, मोठी सिरिंज लावून ठेवत होती. पौर्णिमानं ते बघितलं आणि ती खोलीत येऊन भिंतीशी उभी राहिली.

"मावशी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही कुठल्या भांड्यात खाता?"

"मी माझ्या कपात चहा पिते," हलीमा मावशी म्हणाली. "खिडकीतलं मलाही नको."

"का?" मी विचारलं.

"असंच," ती म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

मला हेही कळलं नाही. पण आता वेळ नव्हता. मी ठरवलं, म्हाताऱ्यांशी आपणच बोलायचं. आयुष्यभर मी मुलांची आणि त्यांच्या आईबापांची समजूत घातली होती. एक स्टूल ओढून मी त्यांच्या खाटेशी बसले. पौर्णिमा माझ्या मागे.

"सिद्रामराव," मी म्हणाले, "मी शाळेत विज्ञान शिकवायची. तुम्हाला एक सांगते, राग मानू नका. चिनी मातीच्या भांड्याला विटाळ वगैरे काही नसतो. ह्या जुन्या समजुती. भांडं स्वच्छ धुतलं की झालं. माझ्या घरातही मामी असंच म्हणायच्या. पण काळ बदलला. अन्न अंगी लागणं महत्त्वाचं, सोवळं-ओवळं नाही. तुमच्या नातीकडं तरी बघा."

ते माझ्याकडं बघत राहिले.  मग त्यांच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. हसू होतं की काय, मला ठरवता आलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "इटाळ तुम्ही मला शिकवताय व्हय?"

 त्या क्षणीही मला नीट कळलं होतं असं नाही. काहीतरी चुकलंय एवढंच कळलं, पाय ठेवला तिथं पायरी नसावी तसं.

"मी पोस्टात हुतो," ते म्हणाले. ते पौर्णिमाकडं बघून बोलत होते. "सायकलवर सात गावं. टपाल दिलं की घराघरांत च्या मिळायचा. माणसं चांगली हुती, न्हाई म्हणत न्हाई. ऊन हाय, बसा म्हणायची. पण माझा कप खिडकीत. दांडी मोडलेला, पालथा घातलेला. आपणच उचलायचा, प्यायचा, आपणच विसळायचा, परत पालथा घालायचा. दुसरं कुणी त्याला हात लावत नसं. अकरा वर्सं प्यालो. काय वाटायचं न्हाई. सवय हुती."

"मग?" पौर्णिमानं विचारलं. तिनं हे कधी ऐकलं नव्हतं, तिच्या आवाजावरून कळत होतं.

"मग एक नवा पोरगा भरती झाला. त्याला गावं दावायला संगं घिऊन फिरत हुतो. कुठलं घर कुणाचं, कुत्रं कुठं चावतंय, समदं मी शिकवायलो त्याला. एका घरी गेलो. त्याला आत बलवलं, पितळीत च्या दिला. मला खिडकीतला. त्या पोरानं माझ्याकडं बघितलं." त्यांनी वाटीला हात लावला. "तोवर मला कुणी बघितलंच नव्हतं तसं. त्याला लाज वाटली, माझ्यापायी. त्या दिवशी बाजारातनं ही वाटी आन् पेला घेतला. तवापासनं कुणाच्या घरी काय खायचं-प्यायचं झालं तर माझ्या भांड्यात. न्हाईतर न्हाई."

पौर्णिमानं मान वळवून समोर बघितलं. उघड्या दारातून आमची खोली दिसत होती. टेबल, यंत्र, कपाट. आणि खिडकी. खिडकीत सातही भांडी पालथी.

मीही तिकडंच बघत होते.

"चार दिस पडलोय हितं," ते म्हणाले. "बघायला दुसरं काय हाय? कपाटातले कप कुणाचे, खिडकीतलं कुणाचं, समजतंय की."

"ती रोग्यांसाठी आहेत," मी म्हणाले. "संसर्ग होऊ नये म्हणून. म्हणून वेगळी."

"असंल. बरोबरच असंल. तुम्ही शिकलेल्या."

मी तिथून उठू शकले असते. माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला आठवलं होतं, ते आठवणं थांबवता येत नव्हतं. भांडी आणली त्या दिवशी ती कुठं ठेवावीत याचा मी विचारही केला नव्हता. माझे हात आपसूक खिडकीकडं गेले होते, आणि ती पालथी घातली होती.

"आमच्या घरीही होता," मी म्हणाले.

"काय?"

"कप. न्हाणीघराच्या खिडकीत. मी सात-आठ वर्षांची असेन. चहा ओतायचं काम माझं असायचं."

"वरनं?"

"वरून. कपाला किटली लागू द्यायची नाही, असं मला शिकवलं होतं. मला ते छान जमायचं. एक थेंब सांडायचा नाही. आई कौतुक करायची."

 शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ कण्हले. दारात हलीमा मावशी केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. 

"मी कपाटात ठेवते सगळी भांडी," पौर्णिमा म्हणाली. "आत्ता ठेवते, आज्जा. मग?"

"आज ठिवशील." त्यांचा आवाज आता थकला होता. "पण त्यात जेवतंय कोण, ते बघ की." मग त्यांनी मला विचारलं, अगदी साधेपणानं, जसं कोणी प्रवासात शेजारच्याला विचारावं, "बाई, तुम्ही दुपारी कशात खाता?"

"माझ्या डब्यात."

"डबा स्टीलचा?"

"हो."

"मंजी गारच."

"गारच."

"का? मशीन तर तुमच्याच ताब्यात हाय."

 तीन महिने मी रोज लोकांना सांगत होते की ही भांडी सर्वांत चांगली, मी स्वतः तपासलेली, निर्धास्त वापरा. तीन महिने मी रोज तिथंच, त्या भांड्यांपासून दोन हातांवर बसून गार पोळी-भाजी खात होते. एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की त्यातलं एखादं उचलावं. कोणी मला मनाई केली नव्हती. मी ठरवून टाळलंही नव्हतं. खरंच सांगते मुलांनो, मी शोधत होते कारण, आणि मला ते सापडत नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. जणू हेच उत्तर त्यांना पटण्याजोगं होतं. मग डोळे मिटले.

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. मी मागे वळून बघितलं तर पौर्णिमा नव्हती.

समोरच्या खोलीतून यंत्राची घरघर ऐकू आली. एक मिनिट. थांबली. चमच्याचा आवाज. पुन्हा घरघर. मला वाटलं, कण्याच तापवतेय बिचारी, पुन्हा नको म्हणतील. पण ती घरघर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली.

ती आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत एकेक भांडं होतं. दोन्ही खिडकीतली. दोन्हींतून वाफ येत होती. एकात कण्या होत्या. दुसऱ्यात माझी दोडक्याची भाजी आणि तिच्यात कुस्करलेली माझी पोळी. मला न विचारता तिनं माझा डबा उघडला होता.

तिनं दोन्ही भांडी खाटेशेजारच्या लोखंडी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. फ्रॉकच्या खिशातून चमचे काढले, एक माझ्या हातात दिला.

"बाई, तुम्ही सुरू करा," ती म्हणाली.

वर्गात मी हे वाक्य किती मुलांना म्हटलं असेल. मी चमचा भरला आणि खाल्ला. भाजी गरम होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी दुपारी गरम खात होते. मी दुसरा चमचा घेतला. सिद्रामरावांनी डोळे उघडले होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्यासमोरच्या भांड्याकडं बघत होते.

पौर्णिमानं त्यांना खा म्हटलं नाही. नळीचं नाव काढलं नाही. ती खाटेच्या कडेला टेकली, माझ्या भांड्यातला एक चमचा तिनं स्वतः खाल्ला. मग त्यांच्या भांड्यातला एक.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. "आई घाईत असते ना."

तिनं कण्यांचा दुसरा चमचा भरला. तो तिच्या तोंडाशी पोचायच्या आत त्यांनी हात पुढं केला, तिचं मनगट धरलं आणि चमचा स्वतःकडं वळवला.

पौर्णिमानं चमचा सोडला नाही. त्यांनी धरलेला हात तसाच राहू देऊन ती दुसऱ्या हातानं भांडं त्यांच्याजवळ ओढू लागली, अगदी हळू, काही सांडू नये म्हणून.